छाटणीनंतरची फवारणी आणि घरातल्या पोरापोरींचा श्वास

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली, की निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पंढरपूरपर्यंत एकच धांदल उडते. पोंगा अवस्थेपासून (डोळ्यातून कोंब निघतो तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत डाउनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, धाक असतो. पाऊस रेंगाळला किंवा दव पडू लागलं, की ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर एक दिवसाआड बाहेर निघतो. नेमकी त्याच दिवसांत दिवाळीची सुट्टी लागते आणि शाळेतली पोरं दिवसभर बागेत असतात. मोठा मुलगा ट्रॅक्टरवर बसतो, टाकीत औषध कालवतो. मुलगी आईबरोबर फेलफूट, म्हणजे वेलीवरची नको असलेली फूट, काढायला जाते आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे धुते. हा सल्ला त्या दोघांसाठी आहे, पण मुलीसाठी जरा जास्त. ती पंपाला हात लावत नाही, म्हणून तिला औषधाचा धोका आहे हे कोणाच्या मनातच येत नाही.

लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. वयात आल्यावर पारडं फिरतं आणि मोठेपणी बायकांमध्ये दम्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त भरतं. यामागे हार्मोनचा मोठा हात आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन श्वासनलिकेतली ॲलर्जीची सूज आटोक्यात ठेवायला मदत करतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनच्या चढउताराबरोबर ती सूज वाढू शकते. काही मुलींना पाळीच्या आधी चार-पाच दिवस खोकला, धाप जास्त जाणवते, ती बहुधा यामुळे. शिवाय मुलीच्या फुप्फुसांची वाढ साधारण सोळा-अठराव्या वर्षी थांबते, मुलाची विशीच्या सुरुवातीपर्यंत चालते. या काळात वाढ खुंटली, तर ती पुढे सहसा भरून निघत नाही.

आता आपल्या औषधांच्या कपाटाकडे पाहू. डाउनीसाठी आपण सर्रास मॅन्कोझेब मारतो. त्याचं विघटन होऊन ईटीयू नावाचा घटक तयार होतो आणि तो थायरॉईडच्या कामात अडथळा आणतो. हार्मोनवर आणि प्रजननावर होणाऱ्या परिणामांचा विचार करून युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरात मॅन्कोझेबची मान्यता काढून घेतली. भुरी रोगावरची ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं, म्हणजे हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल वगैरे, प्रयोगशाळेत अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) दाबताना दिसली आहेत. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनतं ते याच विकरामुळे.

मॅन्कोझेबच्या पुडीवर हिरवा त्रिकोण असतो आणि तो पाहून आपण निर्धास्त होतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर ते जीवाला किती घातक आहे, एवढंच सांगतात. रोज थोडं थोडं अंगात जाऊन वयात येणाऱ्या मुलाच्या हार्मोनचं काय होईल, हे त्या रंगावरून कळत नाही.

केरळातल्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हवेतून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. तिथल्या १० ते १९ वर्षांच्या शाळकरी मुलग्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं वयात उशिरा येत होती आणि त्यांचे हार्मोनही जागेवर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली. फुप्फुसाच्या बाजूने पाहिलं, तर प्लॅस्टिकमधल्या बिस्फेनॉल-ए या हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनावर युरोपातल्या सहा देशांत तीन हजारांवर आई-मुलांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. गरोदरपणी आईच्या लघवीत ते जास्त सापडलं, तिथे शाळकरी वयात घरघर आणि दमा वाढलेला दिसला, पण तो मुलींमध्ये, मुलग्यांमध्ये नाही. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांत २५ हजारांहून अधिक शेतकरी बायकांची पाहणी झाली. ज्यांनी शेतीत कीडनाशकं हाताळली होती, त्यांच्यात ॲलर्जीचा दमा जास्त निघाला. अमुक औषधाने अमक्या मुलीला दमा झाला, असं बोट ठेवून यातला एकही अभ्यास सांगत नाही. पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि आपल्या पोरांना त्यापासून लांब ठेवायला मला तेवढं पुरेसं वाटतं.

गंधकाचं थोडं वेगळं आहे. ते हार्मोन बिघडवत नाही, सेंद्रिय शेतीतही चालतं, म्हणून आपण ते बिनधास्त मारतो. पण कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी शेतमजुरांची सात वर्षांची मुलं तपासली. घरापासून एक किलोमीटरच्या आत वर्षभरात गंधकाचा वापर दहापट जास्त असेल, तर मुलाने एका सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा सरासरी १४३ मिलीलिटरने कमी भरली. दम्याची औषधंही अशा मुलांना जास्त लागत होती. म्हणून घराजवळ गंधकाची धुरळणी नकोच. पाण्यात मिसळणारं गंधक वापरा आणि तेही वारा पाहून.

वाऱ्याचं जरा नीट समजून घ्या. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. अशा वेळी ब्लोअरचे बारीक थेंब वर जात नाहीत, खालीही बसत नाहीत, आडवे तरंगत वस्तीवर येतात. ओळखायची खूण सोपी आहे. चुलीचा किंवा बंबाचा धूर वर न जाता घरांवर आडवा पसरून राहिला असेल, तर तेव्हा फवारू नका. ऊन पडून धूर सरळ वर जाऊ लागला आणि झुळूक घराकडून बागेकडे असली, की सुरू करा. घराच्या, अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या बाजूच्या शेवटच्या ओळींत ब्लोअरची बाहेरच्या बाजूची नोझल बंद ठेवून फक्त आतल्या अंगाला मारा. त्याआधी दोरीवरचे कपडे काढा, पिण्याच्या पाण्याची टाकी झाका, खिडक्या लावून घ्या. कडेला शेवरी, बांबू किंवा शेडनेट असेल तर बराच फवारा तिथेच अडतो. शाळा शेजारी असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून सुट्टीच्या दिवशी फवारणी ठरवा, कोणी नाही म्हणत नाही.

औषध कालवणं हे सगळ्यात धोक्याचं काम, कारण तेव्हा ते दाट असतं आणि भुकटी थेट नाकात जाते. अठराच्या आतल्या मुलाला हे काम देऊ नका, कितीही घाई असो. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाची वाफ अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क घ्या, आणि आतून वास येऊ लागला की कार्ट्रिज बदला.

मुलीच्या अंगात औषध जातं ते बहुतेक हातांतून आणि कपड्यांतून. फवारणीनंतर पानांवर पिवळसर थर बसतो. विरळणी करताना तो बोटांना लागतो आणि त्याच हातांनी डबा खाल्ला जातो. फवारलेल्या प्लॉटमध्ये किमान २४ तास कोणी जाऊ नये, लेबलवर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा. नंतरही हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. फवारणी करणाऱ्याने कपडे घराबाहेरच उतरवावेत आणि ते स्वतःच धुवावेत. हातमोजे घालून, गरम पाण्यात, घरच्या कपड्यांपासून वेगळे, दोनदा. मशीनमध्ये टाकले तर नंतर मशीन एकदा रिकामं फिरवा.

मारायचं प्रमाणही कमी करता येतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यात ट्रायकोडर्मा, बॅसिलस आणि भुरीसाठी अँपेलोमायसिस अशा रोग दाबणाऱ्या उपयोगी बुरशा-जिवाणू असतात, त्यांना फवारणीच्या वेळापत्रकात जागा द्या. कॅनोपी, म्हणजे वेलीचा पानोरा, मोकळी ठेवा. कॅलेंडर पाहून मारण्यापेक्षा पान किती वेळ ओलं राहतं ते पाहून मारा.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून आपण पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस, बोटावर मोजायला शिकलो. निर्यातीसाठी फवारणीची वही आता घरोघर आहे. त्याच वहीत औषधाच्या नावापुढे आणखी एक रकाना आखा: घरात कोणाला खोकला, घरघर, जिना चढताना धाप, रात्री छाती भरून येणं. मुलीच्या पाळीची तारीखही तिथेच लिहू द्या. ती संकोचत असेल तर आईने लिहावी. त्रास दोन-तीन आठवडे चालला किंवा फवारणीच्या दिवशी वाढत असला, तर ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि फुंकर मारून करतात ती स्पायरोमेट्री करून घ्या. साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना ही तपासणी जमते.

फवारणीनंतर कोणाला लाळ सुटली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, घाम आणि उलट्या सुरू झाल्या, तर वाट पाहू नका. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशी फवारताना वीसहून अधिक जीव गेले. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, मुद्दाम उलटी करायला लावू नका, १०८ ला फोन करा, आणि औषधाची बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या.