एसटीपी वाढवताय? खोदाईआधी संमती घ्या

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत नवी इमारत ठरली आणि सचिव म्हणून एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, वाढवायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं पाऊल म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती; १९७४ च्या जल कायद्याचं कलम २५ वाढीव कामालाही लागू आहे. बांधून झाल्यावर चालवण्याची संमती वेगळी.

खरा वेळ पाण्याच्या हिशोबाला द्या. माणशी रोज १३५ लिटर, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी. म्हणजे ४०० माणसांचं ४३,२०० लिटर. हा आकडा, नकाशातली टाक्यांची मापं आणि अर्जातली क्षमता जुळलीच पाहिजे. आमच्या सल्लागाराने अर्जात जुनीच क्षमता भरली आणि अर्ज परत आला; फार मनस्ताप झाला. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला की बागेला, तेही स्पष्ट लिहा.

संमतीपत्र आलं की त्यावरची मुदत लगेच कॅलेंडरवर नोंदवा.