टेलोमिअरवर काम करताय? मग या चुका टाळा

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा डीएनए. तो शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत पहिलं चित्र ठरलेलं: बुटाच्या लेसचं प्लॅस्टिकचं टोक. चित्र वाईट नाही. पण त्यातून "टेलोमिअर जितका लांब तितकं संरक्षण जास्त" अशी समजूत होते, आणि तीच पुढे वर्षभर छळते.

माणसाच्या गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात. लांबी मोजता येते म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. टोक सांभाळते ती मात्र रचना. शेवटचा एकपदरी तुकडा मागे वळून दुपदरी भागात शिरतो, त्याचा फास बनतो आणि शेल्टरिन हा सहा प्रथिनांचा संच त्यावर ठाण मांडून बसतो. हे झाकणं गरजेचं असतं, कारण डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेला गुणसूत्राचं उघडं टोक आणि तुटलेला डीएनए यांतला फरक कळत नाही. 1998 मध्ये शेल्टरिनमधलं टीआरएफ-2 हे एकच प्रथिन निकामी करून पाहिलं गेलं. टेलोमिअरची अक्षरं जागच्या जागी होती, तरीही गुणसूत्रं टोकाला टोक लावून चिकटली. अशी पेशी विभागताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: दूर जाणाऱ्या दोन गठ्ठ्यांमध्ये एक बारीक धागा ताणलेला दिसतो. तुटलेली टोकं अशी जुळतात आणि पुन्हा तुटतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांत फार पूर्वीच दाखवलं होतं.

मग लांबीला महत्त्व कशाला? पेशीच्या प्रत्येक विभाजनात टेलोमिअर थोडा झिजतो; तो फारच आखूड झाला की शेल्टरिनला बसायला पुरेशी जागा उरत नाही, म्हणून. आणि तेव्हाही सरासरीपेक्षा सर्वांत आखूड टेलोमिअर निर्णायक ठरतात. मोजकी टोकं उघडी पडली तरी पी-53 हे पेशीला थांबवणारं प्रथिन जागं होतं आणि पेशी विभाजन कायमचं थांबवते. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी 1961 मध्ये मानवी पेशी साधारण 40 ते 60 विभाजनांनंतर थांबतात असं नोंदवलं, त्यामागचं मुख्य कारण हेच. मी नव्या मुलांना फास आणि सहा प्रथिनं न बघता कागदावर काढायला लावतो. जमेपर्यंत पिपेट हातात देत नाही.

टेलोमरेज हे टेलोमिअर पुन्हा लांबवणारं एन्झाइम. "टेलोमरेज वाढवलं की म्हातारपण थांबेल" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. सुमारे 85 ते 90 टक्के कर्करोगांत हेच एन्झाइम चालू असतं.

उंदरावरून माणसाचा निष्कर्ष काढू नका. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, आणि तो जगतो दोन-तीन वर्षं.

आता ज्या चुकीने माझी झोप उडवली ती. एक विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. रुग्णांचे टेलोमिअर निरोगी गटापेक्षा ठळकपणे आखूड दिसत होते. सगळे खूश, शोधनिबंधाचा मसुदाही सुरू झालेला. मी विचारलं, डीएनए कसा काढला? निरोगी गटाचा जुना साठा फिनॉल-क्लोरोफॉर्मने काढलेला होता, रुग्णांचा नवा डीएनए कॉलम किटने. वर मोजणीला रुग्णांचे नमुने एका प्लेटवर, निरोगी गटाचे दुसऱ्या प्लेटवर. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून, टेलोमिअर मोजताना डीएनए काढण्याची पद्धत बदलली तरी आकडा सरकतो, आणि कॉलमचा आकडा बहुधा आखूड येतो. गोठवलेलं रक्त शिल्लक होतं म्हणून वाचलो. सगळे नमुने एकाच पद्धतीने पुन्हा काढले, दोन्ही गट प्रत्येक प्लेटवर मिसळले. फरक नाहीसा झाला. सहा महिन्यांचं काम गेलं. तिचा रडवेला चेहरा अजून आठवतो; चूक तिची एकटीची नव्हती, आधी विचारायचं काम आमचं होतं. तेव्हापासून कुठल्या पद्धतीने आणि कुठल्या तारखेला डीएनए काढला हे नळीच्या झाकणावर नसेल, तर तो नमुना मी प्लेटवर चढू देत नाही.

घाईचा आणखी एक प्रकार म्हणजे प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, "सुधारणं". टेलोमिअरचे दोन साधे प्रायमर एकमेकांना पूरक असतात, त्यामुळे डीएनए नसतानाही ते आपसांतच जुळून सिग्नल देतात. कॉथन या संशोधकांनी 2002 मध्ये पीसीआरने मोजायची ही पद्धत मांडली तेव्हा त्यांनी मुद्दाम काही अक्षरं न जुळणारी ठेवली. एकाने ती छपाईची चूक समजून दुरुस्त केली आणि ऑर्डर दिली. डीएनए नसलेली नळी नमुन्यांसारखीच उजळली! ती रिकामी नळी प्रत्येक प्लेटवर ठेवाच, आणि आकड्यांआधी तिच्याकडे बघा.

या पद्धतीतून मिळतं ते टेलोमिअरच्या सिग्नलचं एका ठरावीक जनुकाच्या सिग्नलशी गुणोत्तर. त्याला थेट बेसची, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची, संख्या म्हणू नका. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचं प्रमाण न नोंदवता दोन रक्तनमुन्यांची तुलनाही करू नका, कारण वेगवेगळ्या पेशींचे टेलोमिअर वेगवेगळे असतात.

शेवटची विनंती त्यांना, जे एका चाचणीचा कागद पुढे करून "माझं खरं वय सांगा" म्हणतात. प्रौढांच्या रक्तपेशींत टेलोमिअर वर्षाला सरासरी 20 ते 40 बेस झिजतो, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत हजारो बेसचा फरक असू शकतो. त्या कागदावरून मी तुमचं वय सांगू शकत नाही.