खाऱ्या वाऱ्यातला एसी

आठ वर्षांपूर्वी आईच्या खोलीत मी दोन टनाचा एसी बसवला. खोली दहा बाय बाराची. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर स्लॅब, खिडकीसमोर माड. मालवण, आचरा, देवगड या पट्ट्यात फ्रीज-एसीची कामं करत मी तेव्हाही बरीच वर्षं काढली होती, तरी मनात आलं की आईसाठी मोठंच मशीन लावूया, पटकन गारवा मिळेल. गारवा मिळालाही. दहा मिनिटांत खोली थंड व्हायची, कॉम्प्रेसर बंद व्हायचा आणि हवा मात्र तशीच चिकट राहायची. जूनमध्ये कपाट सरकवलं तर मागे भिंतभर काळी बुरशी. "हंयसर माझो जीव घुसमाटता रे," असं आई महिनाभर सांगत होती आणि मी रिमोट घेऊन तापमान आणखी खाली करत होतो.

तेव्हापासून एसी बसवायला कुणाकडे गेलो की आधी भिंतीला हात लावून बघतो. आपल्या किनाऱ्यावर उकाड्यापेक्षा ओल जास्त त्रास देते, आणि एसी त्या हिशोबाने निवडला आणि चालवला तरच बिल आटोक्यात राहतं आणि छातीही मोकळी राहते.

घाटावर उन्हाळा कोरडा असतो, तिथे नुसतं तापमान उतरलं की भागतं. आपल्याकडे मे महिन्यात ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे रोजचंच. अशी हवा २६ अंशांहून गार कशालाही लागली की तिथे पाणी सुटतं. सोलकढीच्या गार पेल्याला बाहेरून घाम येतो तसंच. म्हणून १८ वर एसी लावलेल्या खोलीची भिंत पलीकडे माजघरातून ओलसर लागते, आणि दार उघडं राहिलं की आतल्या गार भिंतीवर, कपाटामागे, गादीखाली ओल धरते.

एसी दोन कामं करतो. हवा गार करतो आणि हवेतली वाफ ओढून तिचं पाणी करतो. हे दुसरं काम फुकटात होत नाही. एक लिटर पाणी काढताना साधारण ०.६८ युनिटइतकी उष्णता ओढावी लागते. एक टनाच्या मशीनची गारव्याची ताकद तासाला साडेतीन युनिटांची. तासाला लिटरभर पाणी निघत असेल तर त्या ताकदीतला पाचवा हिस्सा नुसत्या ओलीवर जातो. खात्री करायची असेल तर एका रात्री ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. मोठं मशीन खोली चटकन गार करून थांबतं, त्यामुळे कॉइलला, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीला, पाणी ओढायला वेळच मिळत नाही. उलट ब्लोअर म्हणजे आतला पंखा चालू राहतो आणि कॉइलवरचं पाणी वाळून पुन्हा खोलीत येतं. आईच्या खोलीत हेच चाललं होतं.

आधी तीन-चारशे रुपयांचं यंत्र घ्या

एसीच्या आधी हायग्रोमीटर घ्या. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, घड्याळाएवढा, तीन-चारशे रुपयांना मिळतो. तो एसीच्या झोतात ठेवू नका आणि उन्हाच्या भिंतीवरही लावू नका, झोपतो त्या उंचीवर आतल्या भिंतीला ठेवा. ५० ते ६० टक्क्यांच्या मध्ये आकडा राहिला पाहिजे. सत्तरच्या वर तो दिवसचे दिवस राहिला की बुरशी धरतेच. धुळीतले बारीक किडे तर त्याहून कमी ओलीवरही वाढतात, आणि दम्याच्या माणसाला तेच बाधतात.

मग आठवडाभर नुसतं बघा, आकडा कधी चढतो. बहुतेक घरांत त्याचं कारण घरातच सापडतं. पावसाळ्यात खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या एका बालदी कपड्यांतून दोन लिटर पाणी सहज हवेत जातं. स्वयंपाकघरात गॅस जळतो त्याचीही वाफच होते, शिवाय धूर वेगळा. तिथे एक्झॉस्ट फॅन लावा आणि भाकऱ्या संपल्यावर आणखी दहा मिनिटं चालू ठेवा. न्हाणीघराचं दार खोलीत उघडत असेल तर तिथेही एक लावा. भिंतीला प्लास्टिक पेंट असेल आणि चिरा ओल धरत असेल तर पेंटखाली फुगे येतात, कारण ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. मी आईच्या खोलीचा पेंट खरवडून साधा चुना दिला आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. बुरशी पुसायची असेल तेव्हा कोरड्या ब्रशने घासू नका, कण उडून नाकात जातात. तोंडाला मास्क बांधा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि भिंत पंख्याने पूर्ण वाळवा.

खिडकी कधी उघडायची

आपल्या जुन्या माणसांना हे मशीनशिवाय कळत होतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ आणि वाफ दोन्ही घरात येतात, म्हणून उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्या. पहाटे पूर्वेकडच्या उघडा. पहाटे हायग्रोमीटरवर टक्केवारी जास्त दिसेल, त्याला घाबरू नका. हवा गार असते म्हणून टक्के चढतात, हवेतलं खरं पाणी दुपारपेक्षा कमी असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी बहुतेक रात्री एवढ्यावर निभावतं, एसीची गरजच पडत नाही.

हे फक्त ओलीसाठी सांगत नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती हवा फिरवतो. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की निम्म्यांना खरं वाटत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. बंद खोलीत दोघं झोपली तर पहाटेपर्यंत तो दोन हजारांच्या पुढे सहज जातो. सकाळी डोकं जड वाटतं ते यानेही असू शकतं. झोपण्याआधी दहा मिनिटं समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी टाका आणि रात्री दाराखाली बोटभर फट राहू द्या. ती फट कापडाने बुजवू नका. त्यातून थोडी वीज जाईल, जाऊ दे.

आणि बंद खोलीत काही जाळू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. एसीच्या खोलीत कॉइल लावणं म्हणजे तो धूर रात्रभर फिरवत ठेवणं. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी लावा. बाळंतिणीच्या खोलीबद्दल तर हात जोडून सांगतो. शेक-शेगडीला निखारे वापरत असाल तर त्या वेळी एसी बंद, खिडकी उघडी, आणि शेक झाला की शेगडी बाहेर. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

कोणतं मशीन, कुठे

दहा बाय बाराच्या खोलीला, भिंती चिऱ्याच्या आणि वर दुसरा मजला असेल तर एक टन पुरतो. वर उघडा स्लॅब असेल तर दीड टनाकडे जावं लागेल, पण त्याआधी स्लॅबचं काहीतरी करा. पावसासाठी आपण स्लॅबवर पत्र्याची शेड घालतोच. तिच्या चारही बाजू बंद केल्या नाहीत, वारा खेळता राहिला, तर उन्हाळ्यात स्लॅब तापत नाही. नुसत्या कौलांच्या खोलीत एसी लावू नका. खाली माळा किंवा सीलिंग करून फटी बुजवा, मग बोलूया. नाहीतर सगळा गारवा कौलांतून आकाशात.

इन्व्हर्टर एसीच घ्या, कारण तो थांबण्याऐवजी मंद चालतो. लेबलवर फक्त तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या पाच ताऱ्यांचं मशीन आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचं नसतं. लेबलवरचं वर्ष आणि 'आयसीर' (ISEER), म्हणजे एका युनिट विजेत मशीन किती गारवा देतं, हा आकडा बघा, जास्त तो चांगला. वर्षाला किती युनिट लागतील तेही तिथे लिहिलेलं असतं, पण ते १६०० तासांचं आहे. तुम्ही चार महिने रोज रात्री आठ तास लावणार असाल तर ९६० तास होतात, म्हणजे त्या आकड्याचे साठ टक्के धरा. आता महावितरणचं बिल काढून बघा, उन्हाळ्यात तुम्ही १००, ३०० की ५०० युनिटांच्या टप्प्याजवळ आहात. टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर वाढतो, आणि एसीची युनिटं नेमकी तिथेच पडतात.

कॉइल तांब्याची आणि वर थर दिलेली हवी. खारं पाणी पडलं की तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या फिन म्हणजे पातळ पत्र्या यांच्यात सेलसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकते. तारकर्लीकडे समुद्राच्या तोंडावर बसवलेल्या युनिटच्या फिन मी बोटाने पापडासारख्या मोडताना पाहिल्या आहेत. आउटडोअर शक्यतो पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीला, घराच्या आडोशाला लावा. भिंतीपासून फूटभर जागा सोडा, समोर माडाची झापं रचू नका. स्टँड जाड गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेसचे मागून घ्या, साधे बोल्ट इथे टिकत नाहीत.

महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून आउटडोअर साध्या नळीने, मंद धारेने धुवा. पाणी गोडंच हवं. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरी मे महिन्यात खारवट होतात, त्या पाण्याने धुतलं तर उलटंच.

रात्री कसा चालवायचा

जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा एसी सुरू केला की २४ अंशांवर लागतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. माझा अनुभव असा की आर्द्रता ५५ वर आली की २७ अंशही गार वाटतात, आणि ती ८० असेल तर २३ लाही अंग चिकचिकतं. म्हणून झोपण्याआधी अर्धा तास २४ वर, ब्लोअर मंद ठेवून चालवा. आकडा साठच्या खाली आला की २६ किंवा २७ करा आणि छताचा पंखा हळू लावा. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी विजेच्या नव्या मोटरचा तीसच्या आसपास, म्हणून एसीच्या खोलीतला पंखा आधी बदला.

फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवून सावलीत वाळवा. सकाळी एसी बंद करताना खिडक्या उघडून वीस मिनिटं नुसत्या फॅनवर ठेवा. कॉइल वाळते, तिच्यावर बुरशी धरत नाही आणि तो कुबट वास येत नाही. खिडक्या उघडायला विसरू नका, नाहीतर तेच पाणी खोलीत परत जाईल.

गॅसबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. "दरवर्षी गॅस भरायचाच असतो" हे सर्रास बोललं जातं आणि ते चुकीचं आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वरून भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत जातो, पैसेही जातात. आर-३२ हा हल्लीचा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट हवा तापवतो, आणि थोडा ज्वलनशीलही आहे. मेकॅनिकला सांगा: आधी साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजन भरून गळती दाखवा, ती बंद करा, व्हॅक्यूम करा म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढा, मग मशीनच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितका काट्यावर तोलून भरा. जो वजनकाटा आणत नाही त्याच्याकडून भरून घेऊ नका. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून हे सांगतोय.

पावसात आउटडोअर चार महिने प्लास्टिकने गुंडाळून ठेवू नका. आत घाम साचतो, पाली-मुंग्या शिरतात आणि सर्किट बोर्ड जातो. वरून फक्त छोटं छप्पर द्या. विजा चमकायला लागल्या की एसीचा एमसीबी स्विच खाली. बाकी दिवशी, झड लागलेली असेल आणि आकडा ऐंशीच्या वर असेल, तेव्हा खोली बंद करून दुपारी दीड-दोन तास ड्राय मोडवर चालवा. अंगाला गारवा फारसा जाणवणार नाही, पण उशा-गाद्या कोरड्या राहतात.

आईच्या खोलीत आता एक टनाचा इन्व्हर्टर आहे. हायग्रोमीटर तिच्या देवघराशेजारच्या भिंतीला टांगलाय. आकडा साठच्या वर गेला की ती मला हाक मारते.