राजहंसगडावर जाताय? मग आधी माती बघा

सुट्टीला बेळगावकडं गावी आला की सगळे उठून गोवा नाहीतर आंबोली गाठतात, पण एक सकाळ राजहंसगडासाठी ठेवा की, म्हणजे आपला येळ्ळूरगडच. शहरापासून साधारण 15 किलोमीटर, वडगाव येळ्ळूर करत जावा, गाडी पार वर दरवाज्याजवळ जाते. पण माझं ऐकाल तर गाडी खाली गडाच्या गावातच लावा आणि चालत चढा, कारण गाडीतून गेलात तर गड दिसतो पण डोंगर दिसत नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. सकाळी सातच्या आत पोचा, खाली येळ्ळूरच्या शिवारात धुकं असतंय, भात कापलेलं, मसूर वाटाण्याचे हिरवे पट्टे उठायला लागलेले, बघतच राहावं असं. 2023 ला शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा झाल्यापासून रविवारी गर्दी लई असते, जमलं तर मधल्या वारी जावा.

वर गेल्यावर बरेच जण पुतळा, फोटो, सिद्धेश्वराचं दर्शन करून परत फिरतात. तसं करू नका. रट्ट राजघराण्याच्या काळात इथं मातीचा कोट होता आणि दगडी काम पुढं आदिलशाही सरदार असदखान लारीच्या वेळी झालं असं मानतात, त्यामुळं तटाच्या कडेकडेनं हळू एक फेरी मारा, जमीन कुठं मुद्दाम उंच केल्यासारखी वाटते, कुठं खोलगट होते, ते पायालाच कळतं. सकाळचं तिरकं ऊन असलं की असे उंचवटे सावलीमुळं नीट दिसतात, दुपारी बारानंतर सगळं सपाट वाटतं.

जांभ्याचा एक चिरा अगदी जवळ जाऊन बघा, हात लावून. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, त्यात शेवाळ, एखादं इवलंसं नेचं. हा दगड जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं पण तासता येतो, मग वारा लागला की कडक होतो, म्हणून आपल्याकडं घरं विहिरी गड सगळं ह्याचंच. पावसाळ्यात मात्र ह्याच्यावर पाय ठेवताना जपून, शेवाळावरनं माझा भाचा असा घसरला की कोपर सोलवटून निघालं, ग्रिपवाले शूजच घाला.

आणि एक हात जोडून सांगणं, उतारावरनं शॉर्टकट मारू नका. माणसं चालून गवत गेलं की पुढच्याच पावसात तिथनं ओघळ पडतो, झाडांची मुळं उघडी पडतात आणि मातीबरोबर तटाचा पाया पण सुटतो. पोरांना तटावर चढवून फोटो तर नकोच नको.

पाणी भाकरी घरनं न्या, प्लास्टिक परत आणा. गावात एखादे वयस्कर मामा भेटले तर "मामा, पूर्वी वर कुठनं चढायचे?" एवढं विचारा, ते हात करून वाट दाखवतील.

येताना वेळ उरला तर बेळगावच्या किल्ल्यात जावा, तिथलं जैन मंदिर, कमल बस्ती, 1204 चं आहे. आणि तिथं खंदकाच्या काठावर पोरांना उभं करून विचारा, एवढी माती खणली ती गेली कुठं?