ठाणे-नवी मुंबईत घराचं काम काढताय? आधी ओल शोधा, मग रंगाचं कोटेशन मागा

सोसायटीची एनओसी, डिपॉझिट, डेब्रिजची सोय हे तुम्ही बघालच. कोटेशन दोन-तीन ठिकाणाहून घ्या, लेबर आणि मटेरियल वेगळं लिहून मागा. रंगाचा चौरस फूट भिंतींचा मोजतात, कार्पेट एरियाचा (घराच्या आतल्या जमिनीचा) नाही, ५०० कार्पेटच्या घरात छतासकट १५०० च्या पुढे सहज जातो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बजेट फुटतं ते ओलीमुळे, आणि त्यावर सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "आतून डॅम्प-प्रूफ मारून टाका". अजिबात मारू नका! पाणी बाहेरून नाहीतर वरून येतंय, आतून कोट मारला की ते प्लास्टरमध्येच अडकतं, क्षार वर येतात, पांढरी भुकटी सुटते आणि पुट्टीसकट पोपडे पडतात. मग घासणं, पुट्टी, प्रायमर, रंग, सगळा खर्च परत पहिल्यापासून.

पाणी नेमकं कुठून येतंय हे ओळखणं सगळ्यात अवघड, मलाही हे जमायला बराच काळ गेला. जुलैमध्ये ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, दर आठवड्याला बघा. पावसाच्या झडीत डाग रेघेबाहेर जातो आणि हिवाळ्यात सुकतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. आपल्याकडे वारा नैऋत्येचा, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेची भिंत, खिडकीची चौकट, एसीच्या पाइपाचं भोक आधी तपासा. जानेवारीतही डाग तसाच ओला असेल तर पाइप किंवा वरच्यांचं बाथरूम. तिथे वरच्यांशी भांडू नका, सोसायटीमार्फत पाँडिंग टेस्ट करून घ्या, म्हणजे बाथरूमचा ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी) बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं.

हे ठरल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, कारण पैसे कोणी द्यायचे तेही यावरच ठरतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज) पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती आणि टेरेसमधून सगळ्यात वरच्या मजल्यावर होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे, फ्लॅटमधल्या टॉयलेट-सिंकची गळती ज्याची त्याची. लोक सोसायटीचं काम स्वतःच्या खिशातून करतात हे बघून खरंच वाईट वाटतं. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या.

वाशी, ऐरोली, कोळशेत अशा खाडीजवळच्या भागात अजून एक बघा. स्लॅबचं प्लास्टर गंजाच्या डागासकट पडत असेल तर आतली सळई गंजतेय, तिथे पेंटर नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. ३० वर्षांवरच्या इमारतीला तर स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) बंधनकारकच आहे.

बाहेरचं काम झालं की भिंत सुकू द्या. इथेच सगळे घाई करतात, गणपतीच्या आधी रंग हवा म्हणून. पावसाळ्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की भिंत सुकतच नाही. सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढा, ऑक्टोबरच्या उन्हात उघडं ठेवा, पंखा लावा. मग फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला घाम धरला तर अजून थांबा. नवीन सिमेंट प्लास्टर केलं तर रंगाआधी २८ दिवस द्या, कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणू दे "झालंय सर".

पुढचं सोपं आहे. बाहेरच्या भिंतीला जिप्सम किंवा पीओपी नको, व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्या. प्रायमर, दोन हात रंग. किचन-बाथरूमच्या कपाटांना आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा, मरीन) प्लाय, शिक्का स्वतः बघून घ्या, आणि वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन इंच जागा सोडा. मे महिन्यात बरेच कारागीर गावी जातात, त्यामुळे तारीख डिसेंबर-जानेवारीची पकडा आणि आत्ताच ठरवून ठेवा.