शेतातल्या डब्यासाठी ५ व्होल्टचा कन्व्हर्टर: वेबेंचमध्ये काय भरायचं

अकोल्याकडच्या शेतांत आम्ही हवामानाच्या नोंदी घेणारे डबे बसवतो. वर सोलर पॅनेल, आत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. या बोर्डाला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा सप्लाय लागतो. बॅटरीचं व्होल्टेज तेवढं खाली आणणारा कन्व्हर्टर मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप कंपनीच्या वेबेंच पॉवर डिझायनर या डिझाइन टूलवर काढतो. ते ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे. सुरुवातीला विचारलेले मोजके आकडे मात्र नीट भरा, पुढचं सगळं त्यांवरच उभं राहतं.

किमान इनपुट १०.५ व्होल्ट भरा, बॅटरी पार उतरल्यावरचा. कमाल इनपुटला बरेच जण १४.४ लिहितात, कारण चार्जिंग तिथवर जातं. मी २४ लिहितो. भर उन्हात बॅटरीची क्लिप सुटली, तर साध्या चार्ज कंट्रोलरमधून ३६ सेलच्या पॅनेलचे २१-२२ व्होल्ट सरळ कन्व्हर्टरवर येऊ शकतात. तापमानाच्या रकान्यात ३० आधीच भरलेलं असतं. ते खोडा. मे महिन्यात इथे सावलीत ४५ होतं, बंद डब्यासाठी ६५ धरा. तेवढ्यानेच वेबेंच सुचवतं त्या यादीतल्या काही कन्व्हर्टर चिप गळतात.

उरलेल्यांत निवडताना सर्वाधिक एफिशिअन्सीच्या (आत आलेल्या विजेपैकी किती टक्के बाहेर मिळते, त्याच्या) आकड्यावर जाऊ नका. बोर्ड बहुतेक वेळ अँपिअरच्या आतच चालतो, म्हणून ग्राफवर ०.६ ते १ अँपिअरचा भाग बघा. बॅटरी रात्रभर पुरणं तिथे ठरतं.

मग पार्टची यादी. इथे घाई नको, कारण बाजारात नेमका तोच पार्ट मिळत नाही आणि आपण बदली घेतो. १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर (तारेची कॉइल), चिपचं स्विचिंग ५०० किलोहर्ट्झ आणि इनपुट २४ व्होल्ट असताना रिपल, म्हणजे कॉइलमधल्या करंटचा चढउतार, साधारण ०.८ अँपिअर येतो. त्याचा निम्मा भाग ३ अँपिअरच्या वर जातो, म्हणजे पीक ३.४. इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट (ज्याच्या पुढे कॉइल नीट काम करत नाही तो) याच्या वर हवाच, शिवाय चिपच्या करंट लिमिटच्याही वर हवा. आउटपुटला ६.३ व्होल्टचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर घेऊ नका. ५ व्होल्टवर त्याची कपॅसिटी निम्म्यावर येऊ शकते. १६ व्होल्टचा, मोठ्या आकाराचा घ्या.

सिम्युलेशनमध्ये लोड (बोर्ड ओढतो तो करंट) ०.५ वरून एकदम ३ अँपिअरवर न्या. व्होल्टेज ४.८ च्या खाली जाता कामा नये, कारण ४.६३ च्या आसपास बोर्ड लो-व्होल्टेजची वॉर्निंग देतो आणि मधल्या वायरीतही थोडा ड्रॉप होतो. फेज मार्जिन (आउटपुट डळमळू नये म्हणून असलेली राखीव जागा) ४५ अंशांहून कमी दिसलं, तर दुसरं डिझाइन उघडा.

पीसीबी (पार्ट बसवायचा छापील सर्किट बोर्ड) काढताना इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या इनपुट आणि ग्राउंड पिनांना अगदी चिकटून ठेवा, आणि फीडबॅकचा (आउटपुटचं व्होल्टेज चिपला कळवणारा) ट्रॅक इंडक्टरखालून नेऊ नका.