समोरची काच टिचली: भरून घ्यायची की बदलायची, हे ठरवण्याआधीची तयारी

समोरच्या काचेवर खडा लागल्याचा आवाज आला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, टवका कुठे उडालाय ते बघा आणि त्याच्यावर लगेच पारदर्शक सेलोटेपचा तुकडा चिकटवा. तो टवका भरून निघणार की सगळी काच काढावी लागणार, हे पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांत ठरून जातं. भरायचं द्रव्य, म्हणजे रेझिन, काचेतल्या बारीक भेगांत शिरतं तेव्हाच ती जागा सांधली जाते. त्या भेगांत आधीच पाणी, धूळ किंवा गाडी धुण्याचा साबण जाऊन बसला असेल तर रेझिनला जागाच उरत नाही. पावसाळ्यात, आणि रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात तर हे हमखास होतं, म्हणून गाडीच्या कप्प्यात सेलोटेपचं एक रीळ कायम असू द्या. टेप फक्त टवक्यापुरती लावा, नजरेच्या आड येईल अशी नको. आणि कुणी कितीही सांगितलं तरी फेविक्विक किंवा नेलपॉलिश लावू नका. ते भेगेच्या तोंडाशी सुकतं आणि पुढे काचवाल्याच्या हातात काही राहत नाही.

पुढचे एकदोन दिवस काचेला जपा. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत पूर्ण जोरात सोडला, किंवा सर्व्हिसिंग सेंटरवर गरम काचेवर गार पाण्याचा फवारा मारला, की बोटाच्या पेराएवढी भेग बघता बघता हातभर होते. काचेची एक बाजू आकसते, दुसरी फुगलेलीच असते आणि सगळा ताण भेगेच्या टोकावर येतो. थंडीच्या पहाटे गरम हवेचा झोत एकदम काचेवर सोडला की हेच उलट्या दिशेनं होतं. म्हणून झोत पायाकडे वळवा, गाडी सावलीत लावा, दार आपटू नका, स्पीडब्रेकरवरून हळू जा.

आता मोजमाप. टवक्याशेजारी दहा रुपयांचं नाणं धरा आणि फोटो काढा. हे नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. टवका त्याच्याखाली पूर्ण झाकला जात असेल तर तो भरून निघण्याची आशा चांगली. नाण्याबाहेर टवक्याचे पाय, म्हणजे त्यातून फुटलेल्या भेगा, पसरले असतील तर ते पाय किती लांब गेलेत ते पट्टीनं मोजा. नुसता लांब तडा असेल तर सहा इंचांपर्यंत, म्हणजे साधारण टीचभर, काही काचवाले भरून देतात. माझं मत विचाराल तर तीन-चार इंचांच्या पुढे भरण्यावर पैसे घालू नयेत. फोटो एक जवळून, एक आतल्या बाजूनं आणि एक गाडीचा नंबर दिसेल असा घ्या. विम्याचा क्लेम करायचा ठरलाच तर हेच फोटो लागतात. तड्याच्या दोन्ही टोकांशी स्केचपेननं बारीक खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी टोक खुणेच्या पुढे गेलेलं दिसलं तर तडा वाढतोय हे कुणी सांगायला नको.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची, आणि नेमकं तिथेच लोक गल्लत करतात. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, रस्त्याकडे बघा आणि स्टिअरिंगच्या बरोबर समोर वायपर फिरतो तो भाग बघा. तिथला टवका लहान असला तरी काच बदलण्याकडेच माझा कल राहील. भरलेली जागा मजबूत होते, पण पूर्ण नाहीशी होत नाही. दिवसा ती पुसटशी दिसते. रात्री, पावसात, समोरून हाय बीम मारत ट्रक आला की त्या ठिपक्यातून प्रकाश फुटतो आणि क्षणभर रस्ता दिसेनासा होतो. घाटात तो क्षणही फार मोठा असतो. दुसरी वाईट जागा म्हणजे कड. काच गाडीच्या चौकटीला चिकटवलेली असते, गाडी खड्ड्यातून जाताना चौकट किंचित पिळते आणि तो पीळ आधी काचेच्या कडेला पोचतो. कडेपासून दोन इंचांच्या आतला तडा भरला तरी पुढे सरकण्याची भीती राहते. तिसरी जागा आतल्या आरशामागची. तिथे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल आणि टवका त्याच्या नजरेसमोर असेल, तर भरायचा विचार सोडून द्या.

मग खोली तपासा. समोरची काच एकेरी नसते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बसवलेला असतो, म्हणून ती फुटली तरी अंगावर न येता जागच्या जागी लटकून राहते. भरणं शक्य असतं ते फक्त बाहेरच्या काचेचं. गाडीत बसा, टवक्याच्या बरोबर मागे आतून अंगठ्याचं नख हळूच फिरवा. नख कुठेही अडकत नसेल तर आतली काच शाबूत आहे. खरखर लागली किंवा भेग जाणवली तर प्रश्न मिटला, काच बदलायची. मधला पापुद्रा पांढुरका झाला असेल किंवा त्यात बुडबुडे दिसत असतील तरीही बदलायचीच. बाजूच्या दारांच्या आणि बहुतेक गाड्यांत मागच्याही काचा वेगळ्या जातीच्या, टफन केलेल्या असतात. त्या फुटल्या की साबुदाण्यासारखे दाणे होतात, तिथे भरण्याचा प्रश्नच येत नाही.

भरायचं ठरलं तर काचवाल्याकडे काम चालू असताना जवळ उभे राहा, बघण्यासारखं असतं. तो आधी सुईच्या टोकानं टवक्यातला काचेचा भुगा काढतो, मग त्याच्यावर पंपाचा स्टँड चिकटवून आतली हवा ओढून घेतो आणि रेझिनचा थेंब दाबानं आत सोडतो. चांदणीसारखा टवका असेल तर तिचे काळपट पाय एकेक करून पुसट होत जातात. एखादा पाय तसाच राहिला तर तिथे रेझिन पोचलेलं नाही, पुन्हा दाब द्यायला सांगा. घाई करू देऊ नका. नंतर अतिनील दिव्याखाली काही मिनिटं धरून ते कडक करतात, वर आलेला थर ब्लेडनं खरवडतात आणि पॉलिश करतात. हे सगळं तासाभराच्या आत उरकतं. सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारून घ्या: दाब देताना तडा सरकला तर पैसे कुणाचे? चांगला काचवाला आधीच सांगतो, "साहेब, एखादी काच हातात तडकते, तुमची तयारी असेल तरच हात लावतो." असं सांगणाऱ्याकडे काम द्यावं.

बदलायची ठरली तर आधी विम्याचा कागद काढा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत, स्वतःच्या नुकसानीचं कव्हर लागतं. ते असेल तर काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही, झिरो डेप (घसारा न कापण्याचं जोडकव्हर) नसलं तरीही. सक्तीची वजावट मात्र तुमच्या खिशातून जाते: १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये, त्यापुढे २००० रुपये. पण खरा हिशोब नो क्लेम बोनसचा आहे, आणि तो काउंटरवर कुणी मांडून दाखवत नाही. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी सूट. तो पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो. एक क्लेम केला की तुम्ही पुन्हा शून्यावर.

समजा काच, मजुरी धरून ९००० रुपयांना पडतेय. वजावट जाऊन विम्याकडून ८००० मिळतील. पुढच्या नूतनीकरणाला तुम्हाला ४५ टक्के बोनस मिळणार होता आणि स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता ६००० रुपये आहे. क्लेम केल्यावर पहिल्या वर्षी ४५ टक्के गेले. दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे ३० गेले. तिसऱ्या वर्षी २५, चौथ्या वर्षी १५ आणि पाचव्या वर्षी ५. सगळी मिळून १२० टक्के, म्हणजे ७२०० रुपये. मिळाले ८००० आणि गेले ७२००. गाडी जुनी होते तसा हप्ता घटतो, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा थोडा कमी बसेल, पण एवढ्यासाठी बोनस घालवावा का, याचा विचार कराच. वर्षभरात पुढे मोठा अपघात झाला तर क्लेम करावा लागणारच, तेव्हा बोनस तसाही जाईल, हेही लक्षात ठेवा. काच महाग असेल, सेन्सरवाली असेल किंवा बोनस अजून २० टक्क्यांवरच असेल तर क्लेम करणं सरळ फायद्याचं. काही पॉलिसींत बोनस वाचवणारं जोडकव्हर असतं, काहींत नुसत्या काचेच्या क्लेमनं बोनस जात नाही. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न जाता हे कागदावर वाचा. आणि क्लेम करायचा असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय जुनी काच उतरवू नका.

काच मागवताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. व्हेरिएंट, बनावटीचं वर्ष, आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर आहे का, वरच्या कडेला रंगीत पट्टी आहे का, हे सगळं सांगा. आरसी आणि जुन्या काचेच्या कोपऱ्यातला छाप यांचा फोटो पाठवला की चूक टळते. नव्या काचेवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक आहे ना, हे बसवण्याआधी स्वतः बघा. समोरची काच लॅमिनेटेडच, म्हणजे वर सांगितलेली मधल्या पापुद्र्याची, असली पाहिजे आणि तिच्यातून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. गाडी कंपनीचा शिक्का नसलेली पण नावाजलेल्या काच कारखान्याची काच घ्यायला हरकत नाही. गाडी कंपन्यांना काचा पुरवणारे कारखाने थोडेच आहेत, त्यांतला सेंट-गोबेन सेक्युरिटचा तर पुण्याजवळ चाकणपाशी कुरुळीत आहे. छापच नसलेली काच मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

जुन्या काचेबरोबर काय काय जाणार तेही बघून ठेवा. फास्टॅग सुटा काढून पुन्हा चिकटवता येत नाही, म्हणून बँकेकडे बदली टॅगसाठी आधीच अर्ज करा, नाहीतर पहिल्याच टोलनाक्यावर जादा पैसे मोजावे लागतील. एचएसआरपीचा, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा, रंगीत स्टिकर, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा आणि डिझेलला केशरी, हाही काचेवरच असतो आणि काढताना फाटतो. तो नव्यानं मागवावा लागतो, त्यासाठी नंबर प्लेटची पावती शोधून ठेवा. डॅशकॅम, सोसायटीचा पास, डॅशबोर्डवरचा गणपती आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.

दिवस निवडताना गावाला निघायचा आदला दिवस कधीच निवडू नका. गणपतीत कोकणात जाणारी मंडळी नेमकं हेच करतात. आताच्या गाड्यांत काच पीयू (पॉलियुरेथेन) चिकटद्रव्यानं बसवतात आणि त्याला धरायला वेळ लागतो. अपघातात पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगते तेव्हा अनेक गाड्यांत ती या काचेवरच टेकते. गाडी उलटली तर टपाला आधार देण्यातही या काचेचा वाटा असतो. चिकटद्रव्य ओलं असताना हे दोन्ही आधार नसतात. गाडी किती तासांनी हलवायची ते कारागिराला विचारा आणि डब्यावर छापलेलं वाचूनही घ्या. जुन्या ओम्नीसारख्या रबरी बीडिंगच्या गाड्यांना हे लागू नाही, तिथे बीडिंग नवीन घाला म्हणजे झालं.

काच उतरवल्यावर चौकटीचा पत्रा उघडा पडतो. ती पाच मिनिटं तिथे हजर राहा. किनारपट्टीच्या गाड्यांत तिथे हमखास गंज सापडतो आणि त्याच्यावरच चिकटद्रव्य फासलं तर वर्षा-दोन वर्षांत पाणी झिरपायला लागतं. गंज घासून, प्रायमर मारून, तो सुकल्यावरच पुढे जायला सांगा, त्यासाठी एक दिवस वाढला तरी चालेल. चिकटवायच्या कडेला कुणी उघड्या हातानं बोट लावत असेल तर थांबवा, हाताचा तेलकटपणा पकड घालवतो. काम झाल्यावर कडेच्या चिकटपट्ट्या एक दिवस काढू नका, दाराची एक काच बोटभर खाली ठेवा म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येणार नाही, आणि दोन दिवस गाडी धुऊ नका.

आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ एक्सयूव्ही ७०० किंवा नव्या क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्या आणि ते झाल्याची नोंद बिलावर मागा. कॅमेरा अंशभर जरी तिरका बसला तरी आपोआप लागणारा ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतो. वायपरची पातीही बदला, जुन्या पात्यात अडकलेला काचेचा कण नव्या काचेवर पहिल्याच पावसात ओरखडा काढतो. दोन दिवसांनी पाइपनं काचेच्या वरच्या कडेवर सावकाश पाणी सोडा, मग दोन्ही बाजूंच्या पायपुसण्या उचलून खालच्या फोमवर तळवा दाबून बघा. ओल लागली तर त्याच दिवशी बिल घेऊन परत जा.